टाकीवर धरलेला नेम

तयार दस्ता मला कधी बसलाच नाही. दस्ता म्हणजे रायफलीचा लाकडी भाग, ज्याचं मागचं टोक खांद्याला टेकतं आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरायचा असतो. परदेशातले कारखानदार तो ज्याच्यासाठी बनवतात तो माणूस सहा फुटी असतो, त्याची मान लांब असते आणि हात बहुधा गुडघ्यापर्यंत पोचत असावेत. मी बुटकी, खांद्यांना रुंद, आणि मान देताना देवानं हात आखडता घेतलेला. कॉलेजात एनसीसीला होते तेव्हापासून मी रायफल मारते आहे आणि तेव्हापासून परक्या मापात स्वतःला कोंबते आहे. पन्नास मीटरवर ते खपून जायचं. तीनशे मीटरच्या स्पर्धेत उतरले तेव्हा खपेना. तिथे जमिनीवर पालथं पडून लांबच्या काळ्या वर्तुळावर गोळ्या मारायच्या असतात. गाल केसभर वर-खाली झाला तरी गोळी भलतीकडे जाते. माझी मान अवघडायची, मग चिडचिड व्हायची, आणि मी चिडले की काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

म्हणून दस्ता घरीच करायचं ठरलं. नळी आणि आतली यंत्रणा परवान्यावर, रीतसर, बाहेरून आलेली होती. तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण लाकूड आपलं आणि हात आबांचे. आबा म्हणजे माझे वडील. माले या आमच्या गावात आमची शेती आहे, आणि ती सांभाळून आबांनी पिरंगुटकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर त्यांना करमेना. गावातल्या लोकांचे पंप, विळे, कुलपं दुरुस्त करून झाली, तेव्हा माझा दस्ता त्यांच्या हाती लागला. माळ्यावर शिसवाची एक जाड फळी वर्षानुवर्षं पडून होती. ती खाली काढून त्यांनी बोटानं टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "ही बोलती. हिचाच करू."

मी आणि नवरा भुकूमला फ्लॅटमध्ये राहतो. तो लातूरकडचा, संगणकवाला. शनिवार-रविवार मी एकटीच मालेला यायचे, आणि त्या सबंध पावसाळ्यात आम्ही बाप-लेकीनं ते लाकूड कोरलं. आबांची पद्धत टूलरूमची. नळीला खालून निळा रंग लावायचा, ती लाकडातल्या खाचेत हलकेच बसवायची, पुन्हा उचलायची. जिथे लाकूड उंच राहिलंय तिथे निळा डाग पडतो. तेवढाच डाग खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा बसवणं, पुन्हा खरवडणं. एक दुपार अशी जायची आणि खाच नखभरही खोल झालेली नसायची. मला दम नाही. मी एकदा पटाशी जरा जोरात मारली तर आबांनी माझ्या हातातून ती काढून घेतली आणि चहा करायला पाठवलं. लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला चहा करायला पाठवतात! पण चहा मी केला.

खाच बसली, मग खरं काम आलं. दस्ता माणसाला बसला की नाही हे पाहायची एक रीत आहे. पालथं पडायचं, गाल टेकवायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नेम आपोआप खुणेवर असला तर दस्ता बसला. खांदा ओढून किंवा मान ताणून तो खुणेवर आणावा लागला, तर लाकूड अजून चुकतंय. हे शंभर वेळा करावं लागतं. गालाखालचं लाकूड जरा उतरवायचं, पुन्हा पडायचं, पुन्हा बघायचं. आणि त्यासाठी लांबवर, तेवढ्याच अंतरावर, एक काळं वर्तुळ लागतं. रेंज आमच्यापासून लांब, शिवाय ठरल्या दिवशीच उघडी. मग काळं वर्तुळ आणायचं कुठून?

ते आबांनी शोधलं. आमच्या ओट्याच्या एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला बांबूचं बेट आणि मागे डोंगर. समोर तेवढं मोकळं. समोर आमचं भाताचं खाचर, आणि खाचराच्या पलीकडे भाऊकीतल्या दादानं बांधलेलं नवं घर. त्या घराच्या गच्चीवर पाण्याची एक आडवी टाकी होती आणि तिचं गोल काळं तोंड बरोबर आमच्याकडे. पाठीमागे आभाळ. आबांनी मला ओट्यावर आडवं पाडलं आणि म्हणाले, "बग बरं, तुझ्या स्पर्धेतल्यावानीच हाय का न्हाई?" मी रायफलीवरच्या मागच्या बारीक भोकातून पाहिलं. पुढच्या कड्यात टाकीचं तोंड नेमकं मावलं. मला इतका आनंद झाला की मी पडल्यापडल्याच पाय आपटले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढे ती मी सगळ्यांना सांगत फिरले आणि कुणाला तिच्यात रस नव्हता. रायफलीत बोल्ट नव्हता. बोल्ट म्हणजे तो तुकडा, ज्याच्याशिवाय गोळी आत जातच नाही आणि उडतही नाही. तो आत कपाटात, गोळ्या दुसऱ्या कपाटात, दोन्हींच्या किल्ल्या माझ्याजवळ. ओट्यावर माझ्या हातात होतं ते लाकूड आणि एक पोलादी नळी. रेंजवर कुणी रिकामी रायफलसुद्धा माणसांच्या दिशेला फिरवली तर मी त्याला शिव्या घालते, हेही खरं. पण ही रायफल नव्हतीच, माझ्या मते. आणि मी माणसाकडे नाही, टाकीकडे बघत होते.

आता दादाबद्दल. दादा माझा चुलतभाऊ, आबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. आमच्या दोन घरांमधलं ते खाचर सामाईक आहे. वाटणी झाली नाही, कारण काका जिवंत असेपर्यंत कुणाला ती करावीशी वाटली नाही. काका गेले आणि दादाकडे प्लॉटिंगवाले यायला लागले. आमच्याकडे आता सगळीकडे तेच चाललंय. कासार आंबोलीला डोंगराच्या पोटापर्यंत शनिवार-रविवारचे बंगले गेलेत. दादाला खाचर विकायचं होतं आणि आबा सही देत नव्हते. आबांचं म्हणणं, भात पिकवणारी तेवढीच जमीन राहिली. दादाचं म्हणणं, भात पिकवून कुणाचं भलं झालंय. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच भांडण मिटेना. आधी आवाज चढले, मग बोलणं थांबलं, मग येणंजाणं थांबलं. आमच्यात म्हण आहे, भाऊबंदकी आणि खाजकुयली, एकदा अंगाला लागली की निघत नाही.

या सगळ्यात माझं जे नुकसान झालं ते म्हणजे मोठी आई. मोठी आई ही दादाची आई, माझी चुलती. मी चौथीत असताना माझी आई गेली, आणि त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत मी मोठ्या आईच्या चुलीपाशी जेवले. ती माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायची की शाळेत बाई विचारायच्या, तुझे डोळे असे ताणलेले का? दादा आणि मी जेवणावरून भांडायचो तेव्हा ती दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून दोघांनाही एकाच ताटात वाढायची. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी ती मागच्या दारी जाऊन बसली होती, समोर आलीच नाही. ती बाई आता खाचराच्या पलीकडे राहत होती आणि मी वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. दादानं तिला बजावलं होतं आणि आबांनी मला. लेकाच्या घरात राहणारी विधवा बाई आणि बापाच्या ओट्यावर दस्ता कोरणारी मुलगी, दोघींनीही ऐकलं होतं.

खंडेनवमीला आबांनी सगळी हत्यारं मांडली. विळे, कोयते, पटाशा, टूलरूममधून आणलेल्या जुन्या कानशी, आणि मधोमध अर्धा झालेला माझा दस्ता. झेंडूची फुलं, हळदकुंकू. दरवर्षी दोन्ही घरांची हत्यारं एकत्र मांडली जायची आणि ओवाळायला मोठी आई यायची. तिच्याइतकं नीट ओवाळायला कुणाला जमत नाही. ती पटाशीलासुद्धा नाव घेऊन ओवाळायची. त्या वर्षी मीच ओवाळलं, आणि वाऱ्यानं वात दोनदा विझली. दसऱ्याला सोनं द्यायलाही कुणी खाचर ओलांडलं नाही. आपट्याची पानं माझ्या ओढणीच्या टोकात बांधलेली तशीच भुकूमला परत आली.

दिवाळीपर्यंत गालाखालचं लाकूड जमत आलं. मी शनिवारी दुपारी यायचे आणि ऊन कललं की ओट्यावर पडायचे, कारण तेव्हा टाकीमागचं आभाळ स्वच्छ असायचं. डोळे मिटायचे, श्वास, डोळे उघडायचे. आबा शेजारी उकिडवे बसून विचारायचे, "वर का खाली?" मी म्हणायचे, "थोडं डावीकडे जातंय," आणि ते पॉलिशपेपरनं दोन हात मारायचे. दर आठवड्याला डाव्या-उजव्याचा हा खेळ कमी कमी होत गेला. आणि एका रविवारी मी डोळे उघडले तेव्हा टाकी कड्याच्या बरोबर मध्यावर होती. मी काहीही ओढलं नव्हतं, ताणलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी रायफल माझ्या मापाची होती. मी आबांकडे बघितलं आणि मला रडू आलं. आबा म्हणाले, "रडती कशाला, अजून तेलपाणी ऱ्हायलंय."

त्या आठवड्यात पौडच्या पोलिसांकडून फोन आला. दादानं अर्ज दिला होता. अर्जात असं होतं की जमिनीच्या वादातून माझी चुलतबहीण दर शनिवारी-रविवारी आमच्या घरावर बंदूक रोखून बसते, घरात म्हातारी आई आणि लहान पोरं आहेत, आमच्या जिवाला धोका आहे, तरी तिचा परवाना रद्द करावा.

मी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट, हसले. मग जे माझं डोकं फिरलं ते आठवडाभर फिरलेलंच होतं. बंदूक रोखून! टाकीवर! मी नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि मला वाटलं होतं तो माझ्यासारखाच भडकेल. तो आपला शांतपणे म्हणाला, "पण त्यांना काय माहीत तू टाकीकडे बघतेस?" मी म्हटलं, तू लातूरचा, तुला आमच्याकडचं काय कळतंय. तो म्हणाला, आमच्याकडे भाऊकी नसते असं वाटतं का तुला? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शनिवारी मालेला गेले ती थेट आबांपुढे उभी राहिले. मला वाटत होतं आबांना धक्का बसेल. आबा गोठ्यात होते. त्यांनी अर्जाचं ऐकून घेतलं, म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले, आणि त्यांच्या मिशीत हसू आलं.

"भ्याला का मग?" ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. "कोण भ्यालं?"

"दादा, दुसरं कोण? दिवाळीआधी जेसीबी आणणार होता खाचरात. आणला का? न्हाई ना?"

तेव्हा मला कळलं. आबांना त्या टाकीचं तोंड सापडलं ते काही योगायोगानं नव्हतं. गोठ्यामागून डोंगराकडे बघायची सोय करता आली असती. तिथे एखाद्या खडकावर काळा रंग फासून भागलं असतं. मी आठवडाभर दादाला दोष देत होते, आणि हे सगळं घडवून आणणारा माणूस माझ्या शेजारी उकिडवा बसून लाकूड घासत होता.

"आबा, तुम्ही मला बुजगावणं केलंत," मी म्हणाले.

"अगं, रिकामी तर हाय ती. कुणाला लागती का?"

"मला परवाना काढायला किती वर्षं गेली माहीत आहे तुम्हाला? निवड चाचणी तोंडावर आलीय!"

"काय न्हाई हुत. समदे वळखीचे हायेत."

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की म्हैस मागे सरली. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आबांनी मान खाली घातली, पण पश्चात्ताप झालाय असं काही ते म्हणाले नाहीत, आजतागायत म्हणालेले नाहीत. माझ्यासाठी एवढं कोरीव काम करणारे तेच हात आणि खाचर वाचवायला मला ओट्यावर पालथं पाडणारेही तेच. मला आबांचा अजूनही राग आहे, आणि तो दस्ता मी रोज हातात घेते. दोन्ही एकदम चालू असतं.

पण त्या वेळी विचार करायला सवड नव्हती. हवालदार चौकशीला येणार होते, आणि सगळं एका माणसाच्या जबाबावर येऊन ठेपलं होतं. दादा आणि त्याची बायको त्या वेळेला पौडला त्यांच्या दुकानात असतात. त्यांनी स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. शेजारपाजार नाही. संध्याकाळी त्या घराच्या पुढच्या पायरीवर रोज बसणारं एकच माणूस होतं, मोठी आई. सगळ्या गावाला माहीत आहे, ऊन उतरलं की ती पायरीवर येऊन बसते, काही ना काही निवडत, सोलत. ती म्हणाली असती, होय, ही पोरगी आमच्यावर बंदूक धरते, तर माझा परवाना गेला असता आणि त्याच्याबरोबर माझी रायफलही. आणि खरं सांगायचं तर मला त्याची भीती निम्मीच होती. जास्त भीती होती ती तिच्या तोंडून ते ऐकायची.

हवालदार दुपारी आले. शहाणा माणूस होता. कुणाच्याच घरात गेला नाही. खाचराच्या कडेला जांभळीखाली दोन्ही घरांना बोलावलं. दादानं त्यांच्यासाठी खुर्ची आणली. आबा बांधावर बसले. मी उभी. मोठी आई दादाच्या मागून आली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. वर्षभरात ती वाळली होती. मी तिच्याकडे बघत होते आणि ती जांभळीच्या बुंध्याकडे.

मी माझं सगळं सांगितलं. बोल्ट, कपाटं, किल्ल्या, टाकी. हवालदार ऐकत होते, पण मध्येच त्यांनी आबांकडे बघितलं आणि आबांनी नजर चुकवली, ते त्यांनी बरोबर टिपलं असावं. मग ते मोठ्या आईकडे वळले.

"आजी, तुमी सांगा. घाबरू नका. ही बाई तुमच्या घराकडं बंदूक धरून पडती, हे तुमी बगितलंय का?"

दादा म्हणाला, "सांग की आई. सांग, काय बगितलं ते."

मोठ्या आईनं बुंध्यावरची नजर काढून हवालदारांकडे पाहिलं.

"मी न्हाई काय बगितलं," ती म्हणाली. "सांजच्याला मी आत असते, द्येवापाशी."

"आई!" दादा ओरडला.

"न्हाई बगितलं म्हनलं ना. आन ती कशाला धरंल आमच्याकडं? मी वाढवल्याली पोर हाय ती."

हवालदारांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. मला म्हणाले, यापुढं असलं काय बी उघड्यावर करायचं नाही, तुमचा सराव रेंजवर. दादाला म्हणाले, जमिनीचं कोर्टात बघा. आणि मोटारसायकलवरून निघून गेले. दादा खुर्ची उचलून तरातरा घराकडे चालायला लागला. मोठी आई त्याच्यामागून, एकदाही वळून न बघता.

ती खोटं बोलली होती. ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती माझ्यासाठी, पोटच्या पोराच्या विरुद्ध, पोलिसांसमोर खोटं बोलली होती! परवाना वाचला, निवड चाचणी वाचली, पण मला आनंद झाला तो याचा की मोठी आई माझी होती. वर्षभराचं भांडण तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिला माहीतच होतं की मी असं काही करणार नाही. मी तो आठवडा भुकूमला गाणी म्हणत काढला. नवऱ्याशीसुद्धा गोड बोलले.

पुढच्या शनिवारी मी खाचर ओलांडलं. आबांना विचारलं नाही, दादा पौडला असतो हे माहीत होतं. भात कापून झालं होतं, धसकटं पायाला टोचत होती. मोठी आई पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि शेजारची परात सरकवून जागा केली. मी एक पायरी खाली, तिच्या गुडघ्याशी बसले.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"जेवले. मोठी आई, तू लई भारी बोललीस त्या दिवशी."

तिनं पुढची शेंग सोलायला घेतली. मग मीच बोलत सुटले. किती दिवसांचं साठलेलं. दस्ता कसा कोरला, निळ्या रंगाचे डाग, माझी नसलेली मान. शेवटी टाकीचं सांगितलं, हसत हसत. ती वळली आणि मान मागे टाकून तिनं वर, गच्चीवरच्या टाकीकडे बघितलं.

"हिच्याकडं बगत हुतीस व्हय?"

"हो ना! आणि सगळ्यांना वाटलं घरावर."

"आन मी हितं खाली."

"तू दिसायची नाहीस गं. त्या भोकातून बघितलं की तेवढं वर्तुळ दिसतं. बाकी सगळं पुसट होतं."

"व्हय का," ती म्हणाली. "मला तर तू दिसायचीस. लांबचं मला अजून चांगलं दिसतं."

ती शेंगा सोलत राहिली. ती काय सांगतेय ते मला अजून कळलं नव्हतं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "मग आत का नाही गेलीस? भ्या नाही वाटलं?"

"वाटलं की," ती म्हणाली. "तू वट्यावर आलीस की मी पोरास्नी आत धाडायचे. दार लावून घ्यायचे. आन मी हितं बसायचे. म्हनलं, मला बगून पोरीचा हात आवरंल. आन न्हाईच आवरला तर म्हातारीला लागंल. पोरं तर वाचतील."

मला आधी रागच आला. माझा स्वभावच तसा. मी उठून उभी राहिले. "मी? मी तुला मारीन? तुझ्या हातचं खाऊन मोठी झालेय मी! तुला असं वाटलंच कसं?"

"ते समदं खरं हाय, बाय. पर भाऊकी लई वाईट. मी हितं नांदायला आले तवापासनं बगतीया. एका ताटात जेवल्याल्यांनी एकमेकांची डोकी फोडल्याली बगितलीत मी." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस कधी कधी अवेळी पडतो, तसं ती सांगत होती.

"मग हवालदाराला खोटं का सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "पोरीला पोलिसांच्या हवाली करू व्हय?"

माझा राग गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. कितीतरी शनिवार, कितीतरी रविवार मी तिकडे ओट्यावर डोळे मिटून श्वास घेत होते, आणि ती इकडे पायरीवर मांडीत परात घेऊन वाट बघत होती. मी मारते की नाही, याची. आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा तिथेच येऊन बसत होती. मला वाटलं होतं तिचा माझ्यावर विश्वास होता म्हणून ती खोटं बोलली. विश्वास नव्हता. तरी बोलली. मला तिच्या पायांना हात लावावासा वाटला आणि पळून जावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. नुसती उभी राहिले, आणि मग निघते म्हणाले.

खाचराच्या बांधाशी पोचले तेव्हा तिनं हाक मारली.

"थांब की जरा."

मी वळले. मला वाटलं, नेहमीसारखी मूठभर शेंगा ओटीत टाकेल. ती उठून अंगणाच्या कडेपर्यंत आली होती. मागे दार बंद होतं आणि खिडकीच्या गजांतून दादाची दोन्ही पोरं बाहेर बघत होती.

"आता," ती म्हणाली, "पोरास्नी खेळू देऊ ना अंगणात?"

ती थट्टा करत नव्हती. हातातली शेंग तशीच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी हो म्हणेपर्यंत तिनं नजर हलवली नाही.